व्यवसाय-धोरण आणि पर्यावरणीय शाश्वतता : संशोधनप्रवाह (कोल्हापूरच्या संदर्भात)

पाणी, ऊर्जा, कच्चा माल आणि सांडपाणी यांबाबत उद्योग जे निर्णय घेतो, त्यांचा त्याच्या बाजारातील स्थानावर काय परिणाम होतो हे तपासणारे व्यवस्थापनशास्त्रातील संशोधनक्षेत्र. नियम कडक पण नीट आखलेले असतील तर उद्योग नवे तंत्र शोधतो आणि त्यातून खर्च भरूनही निघू शकतो, असे मायकेल पोर्टर व क्लास व्हॅन डर लिंड यांनी १९९५ मध्ये मांडले. त्याच वर्षी स्टुअर्ट हार्ट यांनी उद्योगाच्या नैसर्गिक संसाधनांवर आधारित क्षमतांची चौकट दिली. सुरुवातीचे बरेच संशोधन ‘हे परवडते का?’ या प्रश्नाभोवती फिरले. आता कोणाला परवडते, कोणत्या परिस्थितीत आणि ते मोजायचे कशाने, हे प्रश्न पुढे आले आहेत.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केला. आकडे आयते मिळू लागल्याने अभ्यासकही तिकडेच वळतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या लहान फाउंड्र्या (धातू ओतून सुटे भाग बनवणारे कारखाने) आणि सहकारी साखर कारखाने या यादीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी मग प्रश्नावली वाटली जाते, आणि ‘तुम्ही पर्यावरणाची काळजी घेता का?’ याला ‘नाही’ म्हणणारा मालक विरळाच. त्यापेक्षा पर्यावरण (संरक्षण) नियमांखालील ‘फॉर्म ५’ उपयोगी. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायच्या या विवरणात पाण्याचा व कच्च्या मालाचा वापर द्यावा लागतो. वीजबिल व उत्पादन-नोंदवहीशी तो ताडून पाहावा.

फाउंड्रीत मोजमाप बहुधा भाजकात चुकते. समजा, भट्टीत रसाच्या (वितळलेल्या धातूच्या) टनामागे ६०० युनिट वीज लागते. रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या व पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू) वजा जाता यील्ड, म्हणजे हाती येणारे कास्टिंग (ओतीव भाग), ६० टक्के आणि त्यातले रिजेक्शन (सदोष म्हणून बाद माल) ५ टक्के, म्हणजे टनभर रसातून चांगले कास्टिंग ५७० किलो. चांगल्या मालाच्या टनामागे खरी वीज सुमारे १,०५३ युनिट. साच्याची रेझिनने (चिकटवणाऱ्या रसायनाने) बांधलेली, एकदा वापरलेली सँड (वाळू) नीट साफ न करता पुन्हा वापरली, तर कणांवर उरलेले रेझिन ओतताना जळून वायू सोडते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूची पोकळी) पडतात. रिजेक्शन ८ टक्क्यांवर गेले की तोच आकडा १,०८७ होतो. नवी सँड वाचली, टाकाऊ ढीग कमी झाला, पण वीज वाढली. ‘चक्रीय अर्थव्यवस्थे’च्या अहवालात मात्र फक्त वाचलेली सँड दिसते. म्हणून सँडचा एलओआय (तापवल्यावर घटणारे वजन) आणि रिजेक्शन कारणनिहाय, एकाच कालावधीचे घ्यावे. भट्टीत तापवून रेझिन जाळले तर सँड चांगली मिळते, पण ते इंधनही हिशेबात धरावे लागते.

सहकारी साखर कारखान्यात अडचण वेगळी. सभासद हाच मालक आणि हाच ऊस पुरवठादार, त्यामुळे वरकड उत्पन्न नफ्यात न दिसता उसाच्या दरात जाते. सहवीजनिर्मितीने (बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून वीज बनवल्याने) ‘नफा वाढला का?’ असे विचारणे इथे व्यर्थ. एफआरपीपेक्षा (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरापेक्षा) किती जादा दर दिला आणि बिले वेळेत निघाली का, हे पाहावे. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. तो बॉयलरला किती गेला व विकला किती, यावर सारे गणित अवलंबून. डिस्टिलरी (मद्यार्क प्रकल्प) असेल तर स्पेंट वॉशचा (तिच्या सांडपाण्याचा) हिशेब स्वतंत्र ठेवावा. तो साखरेच्या आकड्यांत मिसळला की कशालाच अर्थ राहत नाही.

कोल्हापुरातून वाहणाऱ्या पंचगंगेच्या पाण्याचा दर्जा कुणा एका कारखान्याच्या धोरणाशी जोडण्याचा मोह मोठा असतो. नदीत शहराचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंग युनिटचे पाणी आणि शेतातला निचराही येतो. शिवाय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातले की पाणी तुंबते, काढले की साचलेली घाण एकदम खाली उतरते. नमुना बरगे असताना घेतला की काढल्यावर, गाळप हंगामात की पावसाळ्यात, याची नोंद नसेल तर वर्षावर्षांची तुलना करू नये.