पहिला मान कुणाचा? संगणकाच्या बूट-क्रमाची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि नाशकात एमजी रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानांत एक संवाद रोजचा झाला. गिऱ्हाईक काउंटरवर सीपीयू ठेवतं (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात) आणि म्हणतं, "दादा, यात अकरा टाकून द्या." दुकानातला पोरगा मशीन चालू करून डिलीटचं बटण टकटक दाबत राहतो, निळ्या-करड्या पडद्यावर नजर टाकतो आणि म्हणतो, "काका, हे लिगसीवर आहे." लिगसी म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, पण शब्दाचा अर्थ वारसा. सातबाऱ्यावर वारसनोंद लागल्यासारखे काकांचे डोळे होतात.

त्यांचं फारसं चुकत नाही. सेटिंगच्या त्या पडद्यावरची, म्हणजे संगणकाने आधी कशावरून सुरू व्हायचं याचा बूट-क्रम धरून, जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या तरी जुन्या अडचणीची नोंद आहे.

मूळ पेच साधा आहे. वीज दिली की प्रोसेसर जागा होतो, पण मेमरी रिकामी असते. विंडोज डिस्कवर असते आणि डिस्क कशी वाचायची हे विंडोजला माहीत असतं. मग विंडोजला वाचायचं कुणी? इंग्रजीत यासाठी बुटाच्या पट्ट्यांना धरून स्वतःलाच वर ओढण्याची कल्पना घेतली, म्हणून या सुरू होण्याला 'बूट' म्हणतात. आपण शेंडी म्हटलं असतं. उपाय असा की एक छोटा प्रोग्राम न पुसणाऱ्या चिपमध्ये कायमचा बसवायचा. त्याचं 'बायोस' हे नाव गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात आपल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका भागाला दिलं होतं. पुढे ते या चिपमधल्या प्रोग्रामला चिकटलं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत सेटिंगचा पडदा नव्हताच. मदरबोर्डवर बारीक स्विच होते. फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, पडदा कोणता, हे स्विच वर-खाली करून सांगायचं, म्हणजे आधी स्क्रू काढायचे. कुठून सुरू व्हायचं हे मात्र ठरलेलं होतं. आधी फ्लॉपी, ती नसली तर चिपमध्येच भरलेली बेसिक भाषा. १९८३ मध्ये एक्सटी मॉडेल १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आलं, तेव्हा ती फ्लॉपीच्या मागे उभी राहिली. त्याच वर्षी डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) दुसऱ्या आवृत्तीने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एमबीआर हा तक्ता मांडला. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांना, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या भागांच्या) नोंदीला आणि शेवटचे दोन ओळखखुणेला. काकांच्या मशीनमधली आजची अडचण इथून सुरू होते.

१९८४ च्या एटी मॉडेलने स्विच बरेचसे हटवले. मोटोरोलाची एक घड्याळाची चिप बसवली, तिच्यात ६४ बाइट जागा. चौदा घड्याळाने घेतले, उरलेल्या पन्नासांत संगणकाची सगळी ओळख. मशीन बंद असताना ही ओळख टिकावी म्हणून सोबत बॅटरी आली. सेटिंग बदलायचा प्रोग्राम मात्र वेगळ्या फ्लॉपीवर मिळे. ती फ्लॉपी हरवली की बसा!

बॅटरीचा हा धडा मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये शिकलो. दिवाळीची मोठी सुट्टी संपवून सोमवारी मशीन चालू करावं, तर सेल उतरलेला, तारीख मागे गेलेली आणि हार्ड डिस्क आहे हेच संगणक विसरलेला. आमच्या जुन्या फोरमनने डब्याच्या आतल्या बाजूला सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. टाइप ४७, सिलिंडर इतके, हेड इतके, सेक्टर इतके. डिस्कच्या ठरावीक प्रकारांची यादी बायोसमध्ये असे, तुमची डिस्क यादीत नसेल तर सत्तेचाळीस नंबर निवडून आकडे हाताने भरायचे. ती चिठ्ठी नसती तर लेथवरच्या कामाचे सगळे प्रोग्राम डिस्कवर सुखरूप असूनही आमच्यापुरते गेले असते.

सेटिंगचा पडदा फ्लॉपीतून चिपमध्ये आणला तो मुख्यतः नकली म्हणवल्या गेलेल्या पीसींनी. कॉम्पॅक कंपनीने आयबीएमची नक्कल न करता तसंच वागणारं बायोस नव्याने लिहून घेतलं. १९८४ मध्ये फिनिक्सने असं बायोस कुणालाही विकायला काढलं. अवॉर्ड आणि १९८५ मध्ये सुरू झालेली एएमआय त्यात उतरल्या. आपल्या असेंबल्ड पीसींवर सुरुवातीला झळकणारी नावं हीच. डिलीट दाबायचं की एफ२, हा गोंधळही याच कंपन्यांनी ठेवलेला वारसा. एका पिढीने तो सरळ दोन्ही बटणं आळीपाळीने दाबून सोडवला.

आता क्रमाकडे. 'ए, सी' की 'सी, ए' (ए म्हणजे फ्लॉपी, सी म्हणजे हार्ड डिस्क) हा पर्याय निव्वळ सोयीसाठी आला नाही. फ्लॉपीला पहिला मान असल्यामुळे ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी वाचली जाई. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये (पहिल्या ५१२ बाइटांत) व्हायरस असला तर विंडोज किंवा डॉस उठायच्या आधीच तो मेमरीत जाऊन बसे. १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला 'ब्रेन' याच वाटेने पसरला. त्यामागून 'स्टोन्ड' आला आणि ६ मार्चला डिस्क उद्ध्वस्त करणाऱ्या 'मायकेलअँजेलो'ने १९९२ मध्ये जगभर धास्ती पसरवली. त्या काळात शहाणा माणूस बायोसमध्ये जाऊन एकच काम करी : सी वर, ए खाली.

नाशिककराला हा क्रमाचा मामला परका वाटू नये. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव रामकुंडावर स्नान करतात. एकाच घाटावर आधी कोण, यावरून रक्त सांडल्यानंतर लागलेली ती घडी आहे. संगणकात दावेदार वाढत गेले. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने 'एल टोरिटो' नावाचा नियम ठरवला आणि सीडीला रांगेत जागा मिळाली. त्याआधी विंडोजची सीडी हातात असूनही फ्लॉपी शोधत फिरावं लागे. जानेवारी १९९६ मध्ये कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेलने मिळून नियमावली काढली, की बायोसने सगळी उपकरणं शोधावीत, यादी करावी आणि क्रम वापरणाऱ्याला लावू द्यावा. मग पेनड्राइव्ह आला.

तरी आतला कारभार सोळा बिटांचा आणि एक मेगाबाइटच्या चौकटीतलाच राहिला. इटानियम प्रोसेसरसाठी ते चालणारच नव्हतं, म्हणून १९९८ च्या सुमारास इंटेलने नवी मांडणी सुरू केली. २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या फोरमकडे गेली आणि तिचं नाव यूईएफआय झालं. इथे फर्मवेअर (चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम) डिस्कचा पहिला सेक्टर आंधळेपणाने चालवत नाही. ते फॅट या साध्या मांडणीचं एक खास पार्टिशन उघडतं आणि त्यातली नाव असलेली फाइल चालवतं. एमबीआरच्या तक्त्यात साधारण २.२ टेराबाइटपुढे मोजता येत नव्हतं, त्याच्या जागी जीपीटी हा नवा तक्ता आला. क्रमाची यादी फ्लॅश चिपमध्ये गेली, त्यामुळे सेल काढून सगळं विसरायला लावण्याची जुनी युक्ती आता बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल याच यादीत झाला, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. या यादीत आता ऑपरेटिंग सिस्टिमही लिहू शकते. तुम्ही उबुंटू (लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) वर ठेवलेला असतो, विंडोज पुन्हा टाकली की ती स्वतःचं नाव वर चढवते. पंगतीत येऊन परस्पर पहिलं पान घेणाऱ्या पाहुण्यासारखं. पूर्वी क्रम बदलायला माणसाला त्या पडद्यापर्यंत जावं लागे.

सिक्युअर बूट त्यानंतरचा. क्रमात पहिला असणं पुरेसं नाही, सुरू होणाऱ्या प्रोग्रामवर ओळखीची डिजिटल सही हवी. २०१२ मध्ये विंडोज ८ ची मोहोर हवी असलेल्या नव्या संगणकांना ते चालू ठेवणं भाग पडलं. बहुतेक फर्मवेअरमध्ये सही तपासायच्या मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीपासून असल्याने लिनक्सवाल्यांना तिच्याच सहीचा 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम पुढे करावा लागला.

तर काकांचं मशीन. ते यूईएफआय जाणतं, पण कुणीतरी जुन्या सवयीने लिगसीवर ठेवून विंडोज टाकली, म्हणून डिस्क एमबीआर. विंडोज ११ ला यूईएफआय आणि सिक्युअर बूट पेलणारं मशीन लागतं, शिवाय टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-व्यवस्था). नुसतं सेटिंग फिरवलं तर बूट होणारं काहीच सापडत नाही. घाबरायचं नाही, परत लिगसी केलं की पूर्वीसारखं उठतं. नीट क्रम असा : आधी बॅकअप, मग मायक्रोसॉफ्टच्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलायची, आणि त्यानंतरच फर्मवेअरमध्ये यूईएफआय. बॅकअप न घेता हे करून देणारा दुकानदार दिसला तर सीपीयू उचलून घरी आणावा.

एक तारीख अजून ध्यानात ठेवायची आहे. सिक्युअर बूटमागची मायक्रोसॉफ्टची मूळ प्रमाणपत्रं २०११ ची आहेत. त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते आणि नवी प्रमाणपत्रं अपडेटमधून येतात. ती न मिळालेलं मशीन त्या दिवशी बंद पडणार नाही, पण बूटच्या भागाला पुढची सुरक्षा-अपडेट त्याला मिळणार नाहीत.