सर्व्हरवर सेंटओएस का होतं, आणि आता का नाही

लातूरची डाळ मिल, जालन्यातल्या रोलिंग मिलचं ऑफिस, वाळूजचं छोटं वर्कशॉप. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणजे बहुतेकदा टेबलाखाली ठेवलेला साधा पीसी. त्यावर टॅलीचा डेटा, ड्रॉइंगच्या फायली आणि रोजचा बॅकअप. त्यावर लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारख्याच पण खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, कोणता प्रकार टाकायचा याचं उत्तर अनेक वर्षं जवळपास ठरलेलं होतं: सेंटओएस. ते तसं का ठरलं आणि पुढे का मोडलं, हे माहीत असलं की आजची निवड सोपी जाते.

लिनक्स या ऑफिसांत शिरलं ते मुख्यतः पैशाच्या हिशेबाने. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीला सर्व्हरच्या लायसन्सशिवाय प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा मशीनमागे वेगळं लायसन्स लागतं. १९९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमुळे लिनक्सचा पीसी समोरच्या विंडोज मशीनना नेहमीच्या शेअर्ड फोल्डरसारखा दिसू लागला. मुनीमजींना काही नवीन शिकावं लागलं नाही.

दुसरा भाग विजेचा, आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा. लिनक्सच्या जुन्या एक्स्ट२ फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीवर) मध्येच लाइट गेली की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना अख्खी डिस्क तपासत बसायची. २००१ मध्ये एक्स्ट३ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली. ती बदलांची नोंद आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत करते, त्यामुळे मशीन काही क्षणांत उभं राहतं. डिस्कवर न लिहिलेला डेटा त्यानेही वाचवता येत नाही, यूपीएस लागतोच. पण लोडशेडिंगच्या त्या वर्षांत हा फरक रोज जाणवणारा होता.

२००३ मध्ये रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीने आपल्या फुकट लिनक्सची शेवटची, नववी आवृत्ती काढली आणि सगळा भर पैसे घेऊन मिळणाऱ्या एंटरप्राइज लिनक्सवर दिला. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्राम कोड, मात्र खुला होता. त्यातूनच स्वयंसेवकांनी २००४ मध्ये सेंटओएस उभं केलं: तेच सॉफ्टवेअर, अपडेट मिळत राहण्याची तीच लांब मुदत, पैसे शून्य. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्याच छत्राखाली गेला, आणि २०१९ मध्ये रेड हॅट आयबीएमने विकत घेतली.

मग आली ८ डिसेंबर २०२० ची सेंटओएस प्रकल्पाची घोषणा. २०२९ पर्यंत चालेल असं धरलेलं सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार होतं. सातव्या आवृत्तीची मुदत मात्र ३० जून २०२४ हीच राहिली. म्हणजे वेळेवर नव्या आवृत्तीवर गेलेल्यांनाच आधी फटका बसला. फुकटच्या गोष्टीवर हक्क कसला, असं तेव्हा काहींनी म्हटलं. मला ते पटत नाही. तारीख जाहीर झाली की लोक तिच्या भरवशावर कामं उभी करतात.

२०२१ मध्येच सेंटओएसची जागा भरायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. रॉकीची सुरुवात सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्त्झर यांनी केली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स देण्याची पद्धत आवळली, तेव्हा अल्माने हुबेहूब नक्कल सोडून फक्त सुसंगतता राखायचं ठरवलं.

डेबियन हे दुसरं लिनक्स १९९३ पासून कुठल्याही कंपनीच्या मालकीशिवाय चालू आहे. तिथे एका आवृत्तीला साधारण पाच वर्षं मिळतात. उबंटू या आणखी एका लिनक्सच्या एलटीएसला, म्हणजे लांब मुदतीच्या आवृत्तीलाही पाच, त्यामुळे २४.०४ ची मुदत २०२९ पर्यंत. अल्मा ९ आणि रॉकी ९ मे २०३२ पर्यंत. आपल्या गावात सर्व्हर सांभाळायला येणाऱ्या माणसाचा हात यांपैकी ज्यावर बसलाय ते घ्यावं. त्याला ही सगळीच सारखी येत असतील तर मी लांब मुदतीचं अल्मा निवडेन.

ज्यांच्याकडे अजून सेंटओएस ७ आहे त्यांना यम अपडेट (सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची आज्ञा) दिल्यावर मिररची, म्हणजे अपडेट देणाऱ्या सर्व्हरची, यादीच सापडत नाही, आणि सुरक्षेचे पॅच तर केव्हाच थांबलेत. अल्माच्या एलिव्हेट या टूलने सातवरून आठवर, मग नऊवर जाता येतं. त्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून टॅली उघडून बघावं.