कार्हेच्या आधीची चाळीस वर्षं

इ.स.पू. ५३च्या उन्हाळ्यात कार्हेजवळच्या उघड्या माळावर सात लीजन (पायदळाच्या मोठ्या पलटणी) घेऊन आलेली रोमन फौज मोडली. हे कार्हे म्हणजे आजच्या आग्नेय तुर्कस्तानातलं हारान. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने दिलेले आकडे असे: वीस हजार ठार, दहा हजार कैद. सेनापती मार्कस क्रासस गेला, त्याचा तरुण मुलगा पब्लियसही गेला. समोर पार्थियन, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याचे लोक, होते जेमतेम दहा हजार, सगळे घोड्यावर. रोमच्या लेखकांनी या सगळ्याचं खापर क्राससच्या हावेवर फोडलं, आणि आजही गोष्ट बहुतेक तशीच सांगितली जाते. हाव होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण पार्थियनांना तुच्छ लेखायची रोमची सवय क्राससपेक्षा जुनी होती.

पहिली अधिकृत भेट झाली ती इ.स.पू. ९२च्या सुमारास, युफ्रेटिसच्या काठी. रोमच्या बाजूने सेनापती सुला होता. त्याने तीन आसनं मांडायला लावली आणि मधलं स्वतः घेतलं. एका बाजूला कप्पाडोकियाचा राजा, म्हणजे रोमचा मांडलिकच, आणि दुसऱ्या बाजूला पार्थियन दूत ओरोबाझस. आपल्या साम्राज्याला मांडलिकाच्या पंक्तीला बसवलेलं दूताने मुकाट्याने चालवून घेतलं, म्हणून त्याच्या राजाने त्याला मृत्युदंड दिला. पुढे पाँपी या रोमन सेनापतीने तेच केलं. पूर्वेकडच्या युद्धांत त्याने पार्थियन राजा फ्राटेस तिसरा याच्याशी संधान बांधलं. काम झाल्यावर गोर्डुएनेचा प्रांत त्याच्या हातून काढून घेतला आणि पत्रात त्याला ‘राजाधिराज’ म्हणायचंही टाळलं. युफ्रेटिस ही दोघांमधली हद्द, असं पार्थियन धरून चालत होते. रोमने ते मनावर कधी घेतलंच नाही.

(हे पार्थियन आपल्याला अगदीच परके नाहीत. आपल्याकडच्या जुन्या लेखांतले पह्लव ते याच गोतावळ्यातले. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा म्हटलंय. अर्थात तो काळ पुढचा आणि ते घराणं वेगळं.)

पार्थियनांच्या घरात तरी सगळं आलबेल कुठे होतं? इ.स.पू. ५७च्या आसपास फ्राटेसला त्याच्याच दोन मुलांनी मारलं आणि मग मिथ्रिडेटिस आणि ओरोडेस हे भाऊ एकमेकांवर उठले. हरलेला मिथ्रिडेटिस सीरियाचा रोमन सुभेदार गॅबिनियस याच्या आश्रयाला आला. गॅबिनियस त्याला गादीवर बसवायला निघालाही होता. पण इजिप्तचा पदच्युत राजा टॉलेमी याने भल्यामोठ्या रकमेचं आमिष दाखवलं आणि गॅबिनियसची फौज तिकडे वळली. पार्थियावर चाल करायची कल्पना क्राससच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती त्याच्याआधीच्या सुभेदाराने अर्धवट टाकलेली होती. मिथ्रिडेटिस आपल्या बळावर परत लढला आणि संपला. त्या लढाईत ओरोडेससाठी टायग्रिसकाठचं सेल्युशिया शहर जिंकून देणारा सरदार होता सुरेन. वय तिशीच्या आत, खानदान इतकं वरचं की नव्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा मान त्याच्या घराण्याकडे. क्राससची गाठ पडली ती यादवीत तावूनसुलाखून निघालेल्या या माणसाशी.

आता क्रासस. रोमच्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. जळती घरं पडत्या भावात विकत घेणारा म्हणून बदनाम. इ.स.पू. ७१मध्ये स्पार्टाकसचं बंड त्याने मोडलं, पण गुलामांवरच्या विजयाला पूर्ण विजययात्रेचा मान नसतो म्हणून दुय्यम मिरवणुकीवर बोळवण झाली. शेवटच्या पळपुट्यांना गाठून पाँपीने वर श्रेय लाटलं. पाँपीकडे पूर्वेचे विजय, सीझरकडे गॉल (आजचा फ्रान्स), आणि याच्याकडे फक्त पैसा. इ.स.पू. ५६मध्ये इटलीतल्या लुका इथे या तिघांनी आपसांत सत्तेची वाटणी केली. पुढच्या वर्षी क्रासस आणि पाँपी कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, झाले आणि क्राससच्या पदरात पाच वर्षांसाठी सीरिया पडला. त्याच्या नेमणुकीच्या कायद्यात पार्थियाशी युद्धाचा उल्लेख नव्हता, तरी तो कशाला चाललाय हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. कुरापत न काढलेल्या लोकांवर चाल करतोय म्हणून अटेइयस या ट्रिब्यूनने (जनतेच्या प्रतिनिधीने) वेशीवर उभं राहून त्याला शिव्याशाप दिले.

इ.स.पू. ५४मध्ये त्याने युफ्रेटिस ओलांडली, काही गावं घेतली, तिथे सात हजार पायदळ आणि एक हजार स्वार ठेवले आणि हिवाळ्यासाठी सीरियात परतला. हे परत येणं मला हावेपेक्षा महाग पडलेलं वाटतं. बॅबिलोन आणि सेल्युशिया पार्थियनांवर नाखूश होती, तेव्हाच पुढे जायला हवं होतं, असं प्लूटार्कही म्हणतो. तो हिवाळा क्राससने जेरुसलेमच्या मंदिरातलं द्रव्य उचलण्यात घालवला, आणि तयारीला वेळ मिळाला तो ओरोडेसला.

आर्मेनियाचा राजा आर्टाव्हास्डेस सहा हजार स्वार घेऊन आला. आणखी दहा हजार चिलखती स्वार आणि तीस हजार पायदळ देतो, पण माझ्या डोंगराळ मुलखातून चला, असं त्याचं म्हणणं. तिथे पार्थियन घोडदळाला पसरायला जागा मिळाली नसती. क्राससने नकार दिला. मग ओरोडेस स्वतः पायदळ घेऊन आर्मेनियात घुसला, त्यामुळे तिकडून येणारी कुमक तुटली आणि सुरेन क्राससवर सोडला गेला. सुरेनच्या धनुर्धरांचं कौतुक फार होतं, ओरोडेसच्या या चालीचं होत नाही. निदान नदीच्या कडेकडेने चला, हा त्याचा क्वेस्टर (हाताखालचा अधिकारी) कॅसियस याचा सल्लाही क्राससने मानला नाही. एका स्थानिक सरदाराच्या भरवशावर तो सपाट, निर्जल मुलखात शिरला.

लढाईचं गणित मग सोपं होतं. नऊ हजार घोडेस्वार धनुर्धर, एक हजार भालाईत, तेही घोड्यांसकट चिलखतात. बाण कधीतरी संपतील या आशेवर रोमन चौकोन करून उभे राहिले. सुरेनने उंटांचे तांडे भरून बाण आणलेले होते. कोंडी फोडायला पब्लियस पुढे धावला, पार्थियनांनी पळाल्याचं नाटक करून त्याला दूर ओढलं, आणि थोड्या वेळाने त्याचं डोकं भाल्यावर बापासमोर आलं. रात्री चार हजार जखमी मागे टाकून फौज कार्हेत शिरली. पुढे माघार घेताना तहाच्या बोलणीत झटापट होऊन क्रासस मारला गेला. कॅसियस पाचशे स्वारांसह निसटला. सीझरवर सुरा चालवणाऱ्यांत पुढे होता तो हाच.

सुरेनला या विजयाचं फळ मिळालं ते असं: त्याचा दरारा सहन न झालेल्या ओरोडेसने लवकरच त्याला मारवलं. ओरोडेसला त्याचा मुलगा फ्राटेस चौथा याने मारलं. कार्हेत गमावलेली लीजनांची गरुडचिन्हं इ.स.पू. २०मध्ये रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला परत दिली ती याच फ्राटेसने, तीही लढाई न होता, वाटाघाटीने.