पार्श्वभूमी : फुटलेला सुरुंग आणि न फुटलेला

स्फोटकांनी रणभूमीची काय दशा होते हा विषय निघाला की साताऱ्यात बोट अजिंक्यताऱ्याकडे जाते. १७०० च्या एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्याने गडावरची माणसे दगडमातीखाली गेली आणि किल्लेदार ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. दुसऱ्याने बुरूज बाहेरच्या अंगाला ढासळून सुमारे २,००० मोगल सैनिक मेले. हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

घोळ आहे तो शब्दाचा. सुरुंग म्हणजे मुळात भुयार. संस्कृतातला ‘सुरुङ्गा’ ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला, असे बरेच भाषाभ्यासक मानतात. अजिंक्यताऱ्याखाली खणले तेही भुयारच, त्यात दारू ठासली होती. पुढे भुयार गळाले आणि नाव दारूला चिकटले. माण-खटावात विहिरीच्या काळ्या पाषाणाला भोके पाडून बार उडवतात, तोही सुरुंग. आणि पाय पडेपर्यंत मातीखाली गप्प बसलेला डबा, तो भूसुरुंग. विहिरीतला बार उडाला की गडी लगेच डबर काढायला खाली उतरतात. भूसुरुंग मात्र लढाई थांबली तरी शेत अडवून बसतो. दोघांचे नाव एक असल्याने जमिनीचे नुकसान स्फोटाबरोबर संपते, अशी आपली समजूत होते. ती चुकीची आहे.

पहिल्या महायुद्धाने हे दाखवून दिले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. २० डिसेंबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये जर्मनांनी हिंदी फौजेच्या खंदकांखाली १० छोटे सुरुंग उडवले. तिथून भुयारांची चढाओढ लागली. ७ जून १९१७ च्या पहाटे बेल्जियममध्ये मेसिनच्या टेकडीखाली ब्रिटिशांचे १९ सुरुंग जवळजवळ एकदम उडाले. त्या वेळी न उडालेल्यांपैकी एक १९५५ मध्ये वीज पडून फुटला.

त्याच युद्धात फ्रान्समधल्या व्हर्दूनला भुयारांपेक्षा तोफगोळ्यांनी जास्त नासधूस केली. १९१६ चे जवळपास १० महिने मारा चालला. माती आणि खालचा चुनखडक एक झाला. युद्धानंतर फ्रेंच सरकारने सुमारे १,२०० चौरस किलोमीटर मुलूख ‘लाल पट्टा’ ठरवून शेती आणि वस्ती बंद केली. हा निर्णय वादाचा ठरला. वावर परत मिळावे म्हणून शेतकरी अडून बसले, पट्टा आक्रसत गेला. व्हर्दूनभोवती मात्र सरकारने जंगल लावले. शेतकऱ्याची तगमग कळते, तरी मला सरकारचेच पटते. पट्ट्याबाहेरच्या रानांत आजही नांगराला जिवंत गोळे लागतात, आणि जिथे रासायनिक गोळे जाळून नष्ट केले तिथल्या मातीत आर्सेनिक मुरले आहे. खड्ड्यांनी उलथलेल्या अशा जमिनीसाठी भूगोलतज्ज्ञांनी २००६ मध्ये वेगळी संज्ञाच सुचवली.

व्हर्दून लांबचे वाटत असेल, तर पंजाब-राजस्थानची सीमा आहे. २००१ च्या डिसेंबरात संसदेवरील हल्ल्यानंतर फौज सीमेवर गेली आणि पिकाऊ शेतांत भूसुरुंग पेरले गेले. हो, क्रियापद पेरणीचेच. १९९७ च्या भूसुरुंगबंदी करारावर भारताची सही नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये फौज मागे घेण्याचा निर्णय झाला. सुरुंग वेचण्याचे काम त्यानंतरही चालूच होते, आणि तोवर मालकाला स्वतःच्या बांधावर जायची सोय नव्हती.