तळाखालचा पंखा आणि पोटातला पंप

जेटबोट म्हणजे जरा जास्त पळणारी मोटरबोट, असा सर्रास समज आहे. फरक वेगाचा नाहीच. बोटीच्या तळाखाली काय लोंबतं, त्याचा आहे. तो नीट कळतो अमेरिकेतल्या वाळवंटी ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर.

धरणं होण्यापूर्वी या नद्या कमालीच्या गढूळ असत. पाणी कुठे पुरुषभर, तर कुठे जेमतेम घोट्याइतकं, आणि रेतीचे दांडे पुरागणिक जागा बदलणारे. साध्या मोटरबोटीचा पंखा तळाखाली फिरतो. खोल पाण्यात त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, पण उथळ पाण्यात दगडाशी पहिली गाठ त्याचीच पडते. 1891 मध्ये ग्रीन नदीत उतरवलेल्या ‘मेजर पॉवेल’ या वाफेच्या लाँचचे पंखे असेच दगडांनी निकामी केले.

पुढे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायची, इंजिनं आली, तेव्हा पंखा आणि तो फिरवणारा दांडा यांच्यामध्ये एक मऊ धातूची पिन बसवू लागले. पंखा अडकला की पिन तुटते, गिअर वाचतात. मला या एवढ्याशा पिनेचं फार कौतुक वाटतं. पण नवी पिन घालेपर्यंत इंजिन नुसतं घरघरतं आणि बोट प्रवाहाच्या हवाली असते.

न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात पंखाच तळाखालून काढून टाकला. त्यांच्या बोटीच्या पोटात पंप असतो. तळाच्या जाळीतून तो पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोरात फेकतो. म्हणजे ‘जेट’ ही पाण्याची धार. विमानाशी तिचा संबंध नाही. सुकाणूही लागत नाही, धार वळवली की बोट वळते. ही धार मागच्या पाण्याला रेटते म्हणून बोट पुढे जाते, असं वाटणं साहजिक आहे, पण ते चूक आहे. हॅमिल्टन यांनी तोटी पाण्याच्या वर आणली तेव्हा वेग उलट वाढला. पाणी मागे फेकतानाचा धक्काच बोटीला पुढे नेतो.

1949 मध्ये एड हडसन यांची पंख्याची बोट कोलोरॅडोच्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून प्रवाहाबरोबर खाली आली. 1960 मध्ये हॅमिल्टन यांच्या जेटबोटी तीच दरी उलट चढून गेल्या. लाव्हा फॉल्सच्या खळाळातून त्यांचा मुलगा जॉन याने त्या वर नेल्या.

तरी जेटबोट सर्वगुणसंपन्न नाही. रेती पंपाची पाती झिजवते, खडे जाळीत अडकतात. शिवाय पंख्याच्या बोटीवर हात बसलेला माणूस इथे हमखास फसतो. उथळ पाणी दिसलं की तो सवयीने वेग कमी करतो. भरधाव जेटबोट पाण्याच्या वरच्यावर जवळजवळ घसरत असते आणि वितभर पाण्यावरूनही निघून जाते. वेग सोडला की ती खाली बसते, तळ रेतीला लागतो, आणि धारच नाही म्हटल्यावर तिला वळवताही येत नाही.