सिद्धतेला समोर कुणीतरी लागतं

भारतात यंत्रावर छापलेला पहिला मजकूर गोव्यातला आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तो मजकूर काय होता, हे मात्र फारसं बोललं जात नाही. अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायला निघालेला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. त्याच वर्षी जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात त्यावर पहिल्यांदा छापली गेली ती विद्यार्थ्यांच्या वादसभेची पत्रकं. भर सभेत विधानं मांडायची, समोरून आक्षेप येतील त्यांना उत्तरं द्यायची आणि विधान टिकवून दाखवायचं, अशी ती परीक्षा असे. त्या पत्रकांची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यांची माहिती मिळते ती त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांतून, आणि हा सगळा इतिहास नेटाने शोधून मांडला तो आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी.

हा वाद मोकळा नव्हता, हेही सांगायलाच हवं. चारच वर्षांत, १५६० मध्ये, इथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं. धर्माच्या मूळ विधानांवर आक्षेप घेणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तरीही अभ्यासाची रीत म्हणून एक गोष्ट त्या पत्रकांत दिसते : विधान सिद्ध झालं असं म्हणायचं असेल तर समोर आक्षेप घेणारा हवा.

गणितातली सिद्धता आणि माणसाची विचार करण्याची पद्धत यांवर आज जगभर जे संशोधन चालतं, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे असं मला ठामपणे वाटतं. आपल्या परंपरेत तर ती फार जुनी आहे. न्यायदर्शनात अनुमान पाच अवयवांनी मांडतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. एकट्याने विचार करणाऱ्याला इतक्या पायऱ्या लागतच नाहीत. त्या लागतात दुसऱ्याला पटवण्यासाठी. बौद्ध तार्किक दिङ्नागाने हा फरक नेमका पकडला. स्वतःसाठी केलेलं ते स्वार्थानुमान, दुसऱ्यासाठी मांडलेलं ते परार्थानुमान. ग्रीसमध्येही अ‍ॅरिस्टॉटलने तर्काचे नियम बांधले ते वादविवादाची कला शिकवता शिकवता.

एकोणिसाव्या शतकात सिद्धता आणि माणसाचं विचार करणं या दोन अंगांची फारकत झाली. जॉर्ज बूलने १८५४ साली तर्काचं बीजगणित मांडलं, तेव्हा आपण मनाचेच नियम लिहीत आहोत अशी त्याची धारणा होती. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगेला ते मान्य नव्हतं. लोक कसा विचार करतात याचा सत्याशी काय संबंध, असा त्याचा रोकडा सवाल होता. १८७९ मध्ये त्याने तर्कासाठी नवी चिन्हभाषाच तयार केली. तिथून सिद्धता गणितज्ञांकडे गेली आणि विचार करणारा माणूस मानसशास्त्रज्ञांकडे. फ्रेगेच्या इमारतीला तडा गेला तोसुद्धा एका आक्षेपाने. १९०२ च्या जूनमध्ये बर्ट्रांड रसेलचं पत्र आलं आणि त्यातल्या विरोधाभासाने फ्रेगेच्या पायाभूत नियमांपैकी एक कोसळला. पुढे १९३१ मध्ये कुर्ट गोडेलने दाखवून दिलं की अंकगणित सामावून घेणारी, विसंगती नसलेली आणि नियम यांत्रिकपणे तपासता येणारी कोणतीही व्यवस्था घेतली, तरी तिच्यात अशी विधानं राहतातच, जी तिच्या नियमांनी सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही पाडता येत नाहीत.

इथे गोव्याच्या माणसाकडे वळायलाच हवं. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. वडील धर्मानंद साखवाळचे, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. पणजीत कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो. तिथे आपण बोलतो ते मुख्यतः इतिहासकार कोसंबींबद्दल. ते पेशाने गणितज्ञ होते, हार्वर्डमध्ये शिकले, फर्ग्युसनमध्ये शिकवलं आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, हे मागेच पडतं. गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं काढण्यासाठी १९४४ मध्ये त्यांनी दिलेलं सूत्र आनुवंशशास्त्रात अजून वापरात आहे.

१९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतकाची सिद्धता म्हणून एक लेख प्रसिद्ध केला. मूळ संख्यांच्या विखुरणीबद्दलचं हे गृहीतक १८५९ चं, बरोबर शंभर वर्षांपूर्वीचं. कोसंबींचा मार्ग संभाव्यताशास्त्राचा होता आणि लेख छापून आला कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात, जिथे मूळ संख्यांच्या गणितातले जाणकार डोकावण्याची शक्यता कमीच. जाणकारांनी तो वाचला तेव्हा आक्षेप निघाला. संभाव्यतेच्या भाषेत ‘जवळजवळ खात्रीने’ खरं असलेलं विधान एका ठरावीक, प्रत्यक्षातल्या मूळ संख्यांच्या मालिकेला लागू होईलच असं नाही. सिद्धता टिकली नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. १९६६ मध्ये ते गेले.

या प्रकरणाकडे कुचेष्टेने पाहणारे भेटतात. मला ते अन्यायाचं वाटतं. कोसंबींनी विचारलेला प्रश्न खरा होता : पुरावा किती साचला म्हणजे पुरे? रीमानच्या फलनाची किंमत जिथे शून्य होते अशा जागा एका ठरावीक रेषेवरच असतात, असं हे गृहीतक म्हणतं. अशी दहा लाख कोटी शून्यं संगणकाने तपासून झाली, सगळी त्या रेषेवरच सापडली, तरी गणित ते सिद्ध मानत नाही. त्याला कारण आहे. गाउसच्या सूत्राने येणारा मूळ संख्यांचा अंदाज खऱ्या मोजणीपेक्षा नेहमी थोडा जास्त भरतो, असं आजवरची प्रत्येक गणना सांगते. पण गणितज्ञ जे. ई. लिटलवुडने १९१४ मध्ये सिद्ध केलं की पुढे कुठेतरी हे उलटतं, आणि अनंत वेळा उलटतं. ती जागा इतकी दूर आहे की कोणताही संगणक मोजत मोजत तिथवर पोचायचा नाही.

माणूस मात्र रोजच्या जगण्यात साचलेल्या पुराव्यावरच चालतो. लंडनच्या पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेला प्रयोग मराठीत असा सांगता येईल. टेबलावर चार पत्ते : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक लोक अ आणि ४, नाहीतर नुसतं अ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. ४ च्या मागे काहीही निघालं तरी बिघडत नाही. शिकलेल्या लोकांतही दहातला जेमतेम एक जण बरोबर येतो.

तोच प्रश्न बारमधला केला की चित्र पालटतं. गोव्याच्या कायद्याने दारूसाठी किमान वय १८. बिअर पिणारा, थंड पेय पिणारा, २५ वर्षांचा आणि १६ वर्षांचा, यांतल्या कुणाची चौकशी कराल? बिअरवाल्याचं वय आणि सोळा वर्षांच्या पोराचा ग्लास, हे कुणालाही लगेच सुचतं. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत असाच प्रयोग केला आणि बहुसंख्य विद्यार्थी बरोबर आले.

मला याहून मोलाचं वाटतं ते मॉशमन आणि गील यांचं १९९८ चं काम. त्यांनी पत्त्यांचा मूळ, कोरडा प्रश्नच दिला, पण काहींना एकेकट्याने आणि काहींना पाच-सहा जणांच्या गटात. एकट्यांपैकी ९ टक्के बरोबर आले. गटांपैकी सुमारे ७५ टक्के. काही गटांत सुरुवातीला कुणाकडेच बरोबर उत्तर नव्हतं, तरी बोलता बोलता ते सापडलं. ह्यूगो मर्सिये आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ मध्ये याच धाग्यावर सिद्धांत उभा केला की माणसाची तर्कबुद्धी घडली ती मुळात वाद घालण्यासाठी आणि इतरांचे वाद पारखण्यासाठी. सगळ्यांना तो पटलेला नाही, पण दिङ्नागाच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. म्हापसा-फोंड्याच्या शाळांत भूमितीची प्रमेयं पाठ करून घेतली जातात, तेव्हा नेमका हा आक्षेप घेणाराच वर्गाबाहेर राहतो, आणि मुलांना सिद्धता म्हणजे मार्कांसाठी लिहायच्या ओळी वाटू लागतात.

सिद्धता फार लांबली की तो आक्षेप घेणारा माणूसही थकतो. १९७६ मध्ये चार रंगांचं प्रमेय संगणकाच्या मदतीने सुटलं तेव्हा अनेकांना ते पचलं नव्हतं. गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत, या केप्लरच्या प्रश्नाची सिद्धता थॉमस हेल्सने १९९८ मध्ये दिली. परीक्षकांनी काही वर्षं खपून कळवलं की ९९ टक्के खात्री आहे. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्सने प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घ्यायचं काम हाती घेतलं, ते २०१४ मध्ये पुरं झालं.

आता संगणकावर सिद्धता तपासणाऱ्या ‘लीन’सारख्या प्रणालीत तपासणीचं काम एक छोटा गाभा करतो आणि एकही पायरी गाळू देत नाही. जुलै २०२४ मध्ये ‘अल्फाप्रूफ’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न लीनमध्ये सोडवले. भूमितीसाठीच्या दुसऱ्या एका यंत्रणेचे गुण धरून ४२ पैकी २८ झाले, म्हणजे रौप्यपदकाइतके. त्या वेळी प्रश्न लीनच्या भाषेत उतरवले होते ते माणसांनी, हाताने. मूळ प्रश्न आणि उतरवलेला प्रश्न एकच आहे का, हे लीनचा गाभा सांगू शकत नाही. ते ठरवायला दोन-चार माणसांनाच एकत्र बसून एकमेकांवर आक्षेप घ्यावे लागतात.