गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान: नावे शेजारची, अभ्यास वेगळे

बारावीचा निकाल हाती आला की पालकांकडून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुलीला किंवा मुलाला गुन्ह्यांच्या तपासाची आवड आहे, तर क्रिमिनॉलॉजीला प्रवेश घ्यावा की फॉरेन्सिकला? प्रश्न ज्या सुरात येतो, त्यावरून लक्षात येते की विचारणाऱ्याला ही दोन्ही नावे एकाच अभ्यासाची वाटतात आणि फरक असलाच तर तो महाविद्यालयाचा किंवा फीचा असेल, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत तीन वर्षे आणि बरेच पैसे खर्च झाल्यावर दूर होते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून हा फरक सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

गोंधळ होतो यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. मध्य प्रदेशातील सागर येथील विद्यापीठात १९५९ मध्ये जो विभाग सुरू झाला, त्याच्या नावातच गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे दोन्ही विषय एकत्र आहेत, आणि दिल्लीच्या केंद्रीय संस्थेच्या नावातही ही जोडी अनेक वर्षे तशीच नांदली. त्यात मराठीने आपली भर घातली आहे. क्रिमिनॉलॉजीला कोणी गुन्हेगारीशास्त्र म्हणते, कोणी अपराधशास्त्र. ते दोन्ही शब्द एकाच विषयाचे आहेत. फॉरेन्सिक सायन्सला शासकीय मराठीत न्यायसहायक विज्ञान म्हणतात, पण वृत्तपत्रांत त्या प्रयोगशाळेला सर्रास ‘न्यायवैद्यक प्रयोगशाळा’ म्हटले जाते. न्यायवैद्यक हा मुळात वैद्यकशास्त्राचा भाग आहे. शवविच्छेदन करणे, जखमांचे स्वरूप व वय सांगणे ही कामे डॉक्टरांची असून त्यांत तज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी करावे लागते. बीएस्सी फॉरेन्सिक करून कोणालाही शवविच्छेदन करता येत नाही, हे प्रवेशापूर्वीच स्पष्ट असलेले बरे.

आता एक कल्पित प्रसंग घेऊ आणि दोन्ही विषयांची माणसे त्याकडे कशी पाहतात ते पाहू. मे महिन्यात एका तालुक्याच्या गावी बंद घराची खिडकी फोडून चोरी झाली, मध्येच आलेल्या रखवालदाराला मारहाण झाली आणि खिडकीच्या फुटलेल्या काचेवर रक्ताचा डाग राहिला.

न्यायसहायक विज्ञान शिकलेल्याचे काम त्या डागापासून सुरू होते. ओला डाग असेल तर तो स्वच्छ कापसाच्या बोळ्यावर घेऊन सावलीत पूर्ण वाळवावा लागतो, आणि मग कागदी पाकिटात ठेवावा लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. घाईत बांधलेली एक पिशवी चांगला पुरावा संपवू शकते. पाकिटावर लेबल, पंचांच्या सह्या, लाखेची मोहोर, मुद्देमालाच्या नोंदवहीत क्रमांक, आणि ते पाकीट कोणाच्या हातून कोणाच्या हाती कधी गेले याची अखंड नोंद, इतके सगळे झाल्यावर ते प्रयोगशाळेत पोहोचते. तिथे आधी हे रक्तच आहे का, हे पाहतात. फिनॉल्फ्थॅलीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून होणाऱ्या कॅसल-मेयर चाचणीत रक्त असल्यास गुलाबी रंग येतो, परंतु काही वनस्पतींमधील विकरांमुळे आणि काही धातूंच्या क्षारांमुळेही तसाच रंग येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नाही. रक्त माणसाचे आहे का, हे वेगळ्या चाचणीने ठरवावे लागते, आणि त्यानंतर डीएनए काढून संशयिताच्या नमुन्याशी तुलना होते. या सगळ्याचे फलित म्हणजे पोलीस ठाण्यात आणि कोर्टात ज्याला सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

त्या अहवालाचे कायद्यातील स्थान विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच समजून घ्यावे असे मला वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. राज्यांना याची अंमलबजावणी करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा दिलेली आहे. शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली पुरावा म्हणून वाचला जाऊ शकतो, मात्र न्यायालय त्याला साक्षीसाठी बोलावू शकते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञ जे देतो ते ‘मत’ असते. निर्णय न्यायाधीशाचाच. बचाव पक्षाचा वकील पाकिटाची मोहोर कोणी तपासली, दोन तारखांमध्ये पाकीट कुठे होते, असे विचारू लागतो तेव्हा प्रयोगशाळेतील उत्तम काम नोंदींच्या एका फटीतून निसटू शकते. या विषयात कारकीर्द करणाऱ्याकडे रसायनशास्त्राच्या आवडीइतकीच नोंद ठेवण्याची चिकाटी असावी लागते. मोबाइल आणि संगणकातील पुरावा हीसुद्धा याच विज्ञानाची शाखा असून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तरी बदलणारी तिची सांकेतिक खूण, लिहावे लागते. संगणकाची पार्श्वभूमी असलेल्यांना येथे मोठा वाव आहे.

याच प्रसंगाकडे गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी पाहतो तेव्हा त्याचे लक्ष काचेवरच्या डागाकडे जात नाही. त्याच गल्लीत महिन्याभरात ही तिसरी घरफोडी असेल, तर ती गल्लीच का, हा त्याचा प्रश्न. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी जुळाव्या लागतात: गुन्हा करण्यास उद्युक्त झालेला माणूस, सोयीचे लक्ष्य, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. मे महिन्यात निम्मी गल्ली गावाला गेलेली असते, दाराबाहेर वर्तमानपत्रे साचतात आणि राखण आपोआप ढिली पडते. एकदा फोडलेले घर किंवा त्याच्या शेजारचे घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडले जाण्याची शक्यता वाढते, हेही या शास्त्रातील अनेक अभ्यासांतून दिसले आहे. गस्त कुठे आणि कधी घालावी, हे ठरवायला असे ज्ञान फार उपयोगी पडते.

पण या शास्त्राचा गाभा मला अजून पुढे दिसतो. समजा, या चोरीत पकडलेला मुलगा सतरा वर्षांचा निघाला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर केले जाते आणि मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांचे काम पाहणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला, पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल सादर करायला सांगते. हा अहवाल प्रयोगशाळेत तयार होत नाही. अधिकारी त्या मुलाच्या घरी जातो, आईशी बोलतो, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का सुटली हे विचारतो, तो कोणाकडे कामाला होता, व्यसन आहे का, घरात मारहाण होते का, हे समजून घेऊन लिहितो. मंडळ पुढे मुलाला समुपदेशनासाठी पाठवणार, की पालकांच्या ताब्यात देखरेखीखाली ठेवणार, की विशेष गृहात, हे ठरवताना त्या चार-सहा पानांचा आधार घेतला जातो. ती पाने कशी लिहिली जातात यावर एका मुलाचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते, म्हणून ती नीट लिहिणारी माणसे तयार व्हावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रौढ आरोपींच्या बाबतीत १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाखाली असेच काम अपेक्षित आहे.

गुन्हेगारीशास्त्राला आणखी एक जबाबदारी आहे, आणि महाराष्ट्रात ती विसरता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सोलापुरात तारेच्या कुंपणात जिथे ही कुटुंबे ठेवली जात, त्या भागाला लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात. साधारण त्याच काळात, १८७६ मध्ये, इटलीत चेझारे लोम्ब्रोझो कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा दावा करत होता. त्याचे म्हणणे पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले. आपल्याकडे मात्र पारधी वस्तीवरचा संशय कायदा रद्द होऊनही पुसला गेला नाही. जिथे पोलिसांची नजर जास्त, तिथे नोंदी जास्त, आणि नोंदी जास्त म्हणून नजर आणखी जास्त, हे चक्र आकडेवारी वाचताना ओळखता येणे हे या शास्त्राचे शिक्षण. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी मुख्य, म्हणजे सर्वांत गंभीर, गुन्हाच मोजला जातो. हा नियम माहीत नसलेला माणूस त्या तक्त्यांवरून चुकीचे निष्कर्ष काढतो. त्याच विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालात देशातील दर चार कैद्यांपैकी साधारण तीन जण खटला न संपलेले, म्हणजे कच्चे कैदी होते. या कैद्यांसोबत मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून काम करत आहे, आणि गुन्हेगारीशास्त्राची पदवी प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडते हे पाहायचे असेल तर असे काम पाहावे.

नोकरीच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज पोलीस खात्याविषयी आहे. पोलीस शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण असणे पुरते, उपनिरीक्षकाच्या एमपीएससी परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि आयपीएससाठी यूपीएससीलाही तेच लागू आहे. गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीला या कोणत्याही परीक्षेत वेगळे दार नाही. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत तो विषयही नाही. एका खासगी संस्थेचे माहितीपत्रक काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आले. मुखपृष्ठावर खाकी गणवेश आणि खांद्यावर तारे, आत मात्र भरतीच्या पात्रतेविषयी एक ओळही नव्हती. ते पत्रक घेऊन आलेल्या मुलाच्या वडिलांनी पहिल्या वर्षाची फी उसने पैसे आणून भरली होती. गणवेश हेच ध्येय असेल तर कोणतीही आवडीची पदवी घ्यावी आणि परीक्षेची तयारी करावी, एवढेच मी त्यांना सांगू शकलो. सरकारी वकील व्हायचे असेल तर या दोन्ही पदव्या अपुऱ्या आहेत, तिथे एलएलबीच लागते.

न्यायसहायक विज्ञानाची वाट त्या मानाने सरळ दिसते, परंतु तिथेही सावध राहावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने स्थापन झाले, त्याचे मुख्य ठिकाण गांधीनगर असून गोव्यातही परिसर आहे. राज्याच्या प्रयोगशाळांचे मुख्य केंद्र मुंबईत कलिना येथे, आणि प्रादेशिक प्रयोगशाळा पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत आहेत. तेथील पदांसाठी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे पदवीधरही स्पर्धेत असतात, त्यामुळे ज्याला प्रवेश घ्यायचा आहे त्याने आधी जुन्या भरतींच्या जाहिराती काढून पात्रतेच्या रकान्यात नेमकी कोणती पदवी लिहिली आहे ते स्वतः वाचावे. ज्यांना पुढे शिकवायचे आहे त्यांच्यासाठी यूजीसी-नेटमध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे दोन स्वतंत्र विषय आहेत.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारत पाहून परत येऊ नका. न्यायसहायक विज्ञानाच्या ठिकाणी तुलना-सूक्ष्मदर्शक यंत्र आणि गॅस क्रोमॅटोग्राफ विद्यार्थ्यांना स्वतः वापरू देतात का, ते विचारा. गुन्हेगारीशास्त्राच्या ठिकाणी क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि विद्यार्थी कारागृहात, निरीक्षणगृहात, न्यायालयात प्रत्यक्ष जातात का, हे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांकडूनच विचारून घ्या.

आणि वेळेचा हिशेब बारावीच्या निकालापूर्वीच मांडावा लागतो. बीएस्सीला विज्ञान शाखेची बारावी हवी, म्हणजे हा निर्णय खरे तर दहावीनंतरच होतो. विज्ञानाची पदवी घेतलेल्याला पुढे गुन्हेगारीशास्त्रात एमए करण्याची वाट मोकळी राहते. कला शाखेतून गेलेल्याला प्रयोगशाळेकडे वळायचे ठरले तर अकरावीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.